बाळसेदार बाळाचे कपडे: लेबलवरचं वय सोडा, घेर मोजा

सहा महिन्यांच्या गुटगुटीत बाळाला ‘६ ते ९ महिने’ लिहिलेला कपडा घातला की मांडीत इलॅस्टिक रुततं आणि बाळ बसलं की पोटावरची टिचबटणं सुटतात. मग ‘१२ ते १८ महिने’ आणला जातो. त्यात पोट मावतं, पण बाह्या बोटांच्या पुढे लोंबतात, पायजम्याची मोहरी दोनदा दुमडावी लागते आणि गळा खांद्यावरून घसरतो. दुकानदार म्हणतो, ‘राहू द्या, दोन महिन्यांत बसेल.’ दोन महिन्यांत बाळाची मांडीही वाढलेली असते. अशा बाळाला मोठ्या मापाचा नव्हे, रुंद मापाचा कपडा लागतो, आणि तो शोधायचा किंवा करून घ्यायचा एक क्रम आहे. तो इथे सविस्तर देते.

वयाचं लेबल का फसतं

जागतिक आरोग्य संघटनेचे २००६ सालचे वाढीचे तक्ते आपल्याकडे सरकारी माता-बाल संरक्षण कार्डावरही असतात. त्यानुसार सहा महिन्यांच्या मुलीचं सरासरी वजन साधारण ७.३ किलो आणि लांबी ६५.७ सेंटिमीटर, मुलाचं ७.९ किलो आणि ६७.६ सेंटिमीटर. आता सरासरी लांबीची, पण ९.३ किलोची सहा महिन्यांची मुलगी डोळ्यांसमोर आणा. तेरा महिन्यांच्या मुलीचं सरासरी वजन जवळपास तेवढंच असतं, पण त्या मुलीची लांबी असते ७५ सेंटिमीटर. म्हणजे नुसतं वजन बघून वर्षाच्या पुढचा कपडा घेतला, तर तो आपल्या बाळापेक्षा जवळजवळ १० सेंटिमीटर उंच मुलासाठी बेतलेला असतो. बाह्या आणि पाय लोंबतात ते यामुळे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकते. वजन जास्त वाटतंय म्हणून अंगावरचं दूध किंवा वरचं खाणं कमी करण्याचा विचारही करू नका. वजन आणि लांबी दोन्ही तक्त्यावर कशी सरकतायत ते बालरोगतज्ज्ञांना बघू द्या. ते निश्चिंत असतील तर तुम्हीही निश्चिंत राहा. कपडा बसत नसेल तर बदलायचा तो कपडा.

आधी टेप हातात घ्या

शिंप्याकडचा मऊ टेप हवा, लोखंडी नको. बाळ पोटभर प्यायलेलं आणि नेहमीचं डायपर किंवा लंगोट घातलेलं असताना मोजा, कारण कपडा त्यावरूनच बसणार आहे. कापडी डायपर वापरत असाल तर तोच घाला. त्याचा फुगवटा बराच असतो. बाळ स्थिर राहत नसेल तर सुती नाडीने घेर घ्या, बोटाने खूण धरा आणि नाडी टेपवर ठेवून वाचा. घेतलेली मापं तारखेसकट मोबाइलमध्ये लिहून ठेवा.

- छाती: काखेखालून, पाठीवर टेप सरळ ठेवून.
- पोट: बेंबीच्या पातळीवर, बाळ मांडीवर बसलेलं असताना. आडवं असताना पोट पसरतं आणि माप कमी येतं.
- मांडी: सगळ्यात जाड ठिकाणी, पाय थोडा दुमडून.
- दंड: काखेच्या लगेच खाली.
- उभा घेर: एका खांद्यावरून पुढून खाली, डायपरवरून जांघेतून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत.
- डोकं: कपाळ आणि मागचा उंचवटा धरून.
- लांबी: डोक्यापासून टाचेपर्यंत. दोघांनी मिळून घ्या, एकाने गुडघा अलगद सरळ धरायचा.

यातला उभा घेर सहसा कुणी घेत नाही, आणि जांघेत टिचबटणं असलेले बॉडीसूट नेमके त्यातच फसतात. बाळाचं पोट आणि डायपर दोन्ही पुढे आल्यामुळे कपड्याला उभं अंतर जास्त कापावं लागतं. मग तो खांद्यावर ओढतो, जांघेत काचतो, आणि आपल्याला वाटतं रुंदीच कमी पडतेय.

अंगाच्या मापावरून कपड्याचं माप

अंगाचा घेर म्हणजे कपड्याचा घेर नव्हे. मध्ये हालचालीला जागा लागते. ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडात पोटाच्या मापापेक्षा २ ते ४ सेंटिमीटर जास्त पुरतं. मलमल, पॉपलिन, वायल अशा न ताणल्या जाणाऱ्या कापडात ८ ते १० सेंटिमीटर हवेतच. मांडीशी, कापड कुठलंही असो, बाळ बसल्यावर आपली दोन बोटं सहज आत जावीत.

उदाहरण घेऊ. पोट ४८ सेंटिमीटर असेल तर होजिअरीचा कपडा घेराने ५० ते ५२ हवा. दुकानात तो टेबलावर सपाट पसरून पोटाच्या जागी आडवा मोजला की २५ ते २६ भरला पाहिजे. तोच सुती वायलचा असेल तर २८ ते २९. एवढी एक आकडेमोड पाठ असली की लेबलवर काहीही लिहिलेलं असो, निर्णय मिनिटात होतो. पर्समध्ये टेप ठेवून दुकानात कपडा मोजायला अजिबात संकोच करू नका.

यात पहिल्या धुण्यातलं आटणं धरा. सुती होजिअरी पहिल्या एक-दोन धुण्यांत ५ टक्क्यांपर्यंत आटू शकते. दुकानात अगदी बेताचा बसलेला कपडा घरी धुतल्यावर तोकडा होतो तो त्यामुळे.

आकडे वाचायचे कसे

आपल्याकडे तीन पद्धती एकाच दुकानात शेजारी शेजारी टांगलेल्या दिसतात. महिन्यांची लेबलं सगळ्यात कमी भरवशाची, कारण प्रत्येक कंपनीचा ‘६ ते ९’ वेगळा असतो. युरोपीय पद्धतीच्या लेबलवर ६८, ७४, ८०, ८६ असे आकडे असतात. ती बाळाची सेंटिमीटरमधली लांबी असते. हे आकडे आपल्या कामाचे आहेत: आपल्या बाळाच्या लांबीचा आकडा किंवा फार तर त्याच्या पुढचा घ्यायचा, आणि रुंदीचा प्रश्न बेतणीने सोडवायचा. तिसरी पद्धत बाजारातल्या १६, १८, २० नंबरांची. हे इंच असतात, पण एका दुकानात ती फ्रॉकची लांबी असते तर दुसऱ्या दुकानात छाती. म्हणून तिथे विचारूनच घ्यायचं.

डायपरचे आकडे वजनावर असतात आणि एकमेकांवर चढलेले असतात. अनेक पाकिटांवर एम म्हणजे ७ ते १२ किलो आणि एल म्हणजे ९ ते १४ किलो. तुमचं बाळ १० किलोचं असेल तर दोन्ही चालतील असं पाकीट सांगतं. जाड मांड्यांच्या बाळाला वरचा साइज घ्या. मांडीत लाल वळ, पाठीकडून गळती आणि कमरेचा पट्टा बेंबीच्या खूप खाली राहणं ही डायपर लहान झाल्याची लक्षणं आहेत. डायपरच काचत असेल तर वरच्या कपड्यावर कितीही विचार केला तरी बाळ कुरकुरणारच.

बेतणी: खरा निकाल इथे लागतो

गळ्यापासून सुरुवात करू. अशा बाळांना मान दिसत नाही; हनुवटीखाली दोन-तीन वळ्या आणि लगेच छाती. तिथे उंच पट्टीचा गळा किंवा कॉलर घातली की वळीत घाम साठतो. दोन्ही खांद्यांवर कापड एकावर एक चढलेला गळा सगळ्यात चांगला. तो डोक्यातून सहज जातो, आणि डायपर फुटून पाठ भरली तर अख्खा कपडा खांद्यांवरून खाली पायांकडे ओढून काढता येतो, घाण केसांना लागत नाही. साधा गोल गळा असेल तर तो हाताने पूर्ण ताणून सपाट मोजा. दुप्पट केल्यावर डोक्याच्या घेरापेक्षा जास्त भरला नाही, तर तो कपडा रोज रडवणार.

मग मुंढा. दंडाच्या वळ्यांमुळे बाही बसवण्याची जागा, म्हणजे मुंढा, खोल हवा. गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी शिवण असलेल्या रॅगलन बाह्या इथे उत्तम बसतात, कारण काखेत कापड मोकळं राहतं. फुग्याच्या बाहीला खाली इलॅस्टिक असेल तर ते दंडात बसतं. दिसायला गोंडस, पण बाळाला त्रासाचं.

पोटासाठी दोनच चांगले मार्ग आहेत. छातीपर्यंत योक, म्हणजे वरचा सपाट जोड, आणि त्याखाली चुण्या असलेला फ्रॉक किंवा सदरा, म्हणजे पोटाला घेर आपोआप मिळतो. नाहीतर पुढून एकावर एक येणारं, बाजूला बंद असलेलं अंगरखा पद्धतीचं झबलं. आपल्या जुन्या बाराबंदीची बेतणी हीच. त्यात बटणाची जागा ठरलेली नसते, बाळ वाढेल तसा बंद सैल बांधायचा. आज परदेशी नावांनी मिळणारे बाजूला बांधायचे सदरे त्याच बेतणीचे आहेत, आणि गुटगुटीत बाळाला माझ्या मते त्यापेक्षा चांगला कपडा नाही. मात्र बंद १२ ते १५ सेंटिमीटरच ठेवा आणि मानेजवळ एकही नको. लांब बंद गळ्याभोवती गुंडाळला जाऊ शकतो.

खालच्या कपड्यात आसन बघा, म्हणजे बसायची जागा. पायजमा जमिनीवर पसरला की दोन पायांच्या मध्ये चौकोनी किंवा पतंगाच्या आकाराचा जोड दिसला पाहिजे. तो जोड असला की डायपर मावतं आणि बाळ पाय पोटाशी घेऊ शकतं. खोल आसनाच्या, धोतरासारख्या सैल पायजम्यांना सगळ्यात वरची पसंती. कमरेला बारीक इलॅस्टिकऐवजी ५-६ सेंटिमीटर रुंद, मऊ रिबचा पट्टा हवा. तो पोटावर पसरून बसतो, रुतत नाही. जीन्स, घट्ट लेगिंग आणि अरुंद मांडीची डंगरी या वयात घेऊच नका. लेगिंग ताणलं जातं म्हणून बसल्यासारखं वाटतं, पण सतत दाबत राहतं.

कापड

आपल्या हवेत सुतीला पर्याय नाही. घरात दोन पदरी मलमल किंवा पातळ होजिअरी. थोडं ताणलं जावं म्हणून सुतीत अगदी थोडं लायक्रा असलेलं चालतं. पॉलिएस्टरची फर, नेट आणि आतून खरखरीत जरी टाळा. वळ्यांमध्ये कापड घासलं जातं, म्हणून आतल्या शिवणी बोटाने चाचपून बघा आणि कपडा ठेवायचं ठरलं की मानेमागचं लेबल लगेच उसवून टाका.

आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती साडीची झबली-दुपटी करायची आपली रीत कामाची आहे. ते कापड आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं, त्यामुळे आज बेतलेलं माप पुढेही तेच राहतं. कापड विरलेलं नसलं म्हणजे झालं. गरम पाण्यात धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच बेता.

दुकानात आणि ऑनलाइन

पुण्यात लक्ष्मी रोड आणि तुळशीबाग, मुंबईत दादर. तान्ह्यांचे कपडे इथे भरपूर मिळतात आणि कापड हाताने ताणून बघता येतं. दुकानदाराला वय सांगू नका, पोटाचा घेर आणि लांबी सांगा. अनुभवी माणूस लगेच वेगळा गठ्ठा काढतो. ऑनलाइन घेताना वयाच्या तक्त्याऐवजी कपड्याची छाती आणि लांबी दिली आहे का ते बघा. ती दिलेली नसेल तर परत करण्याची सोय असल्याशिवाय मागवू नका. घरातला जो एक कपडा बाळाला छान बसतो तो सपाट मोजून ठेवा आणि नवीन प्रत्येक कपडा त्याच्याशी ताडून बघा. एकाच कंपनीचा एक कपडा चांगला बसला तरी एकदम सहा घेऊ नका. त्यांच्याच दुसऱ्या डिझाइनची बेतणी निराळी असते.

घरी आणल्यावर न धुता आणि लेबल न काढता, आतून पातळ सदरा घालून एकदाच घालून बघा. बाळाला बसवा, पाय पोटाशी घेऊ द्या, दोन्ही हात वर करा. पोटावर टिचबटणांच्या मध्ये फट पडली किंवा हात वर केल्यावर अख्खा कपडा वर सरकला तर परत करा.

खरी परीक्षा मात्र तासाभराच्या वापरानंतरची. कपडा काढा आणि मांडी, कंबर, दंड उजेडात बघा. शिवणीचे फिकट ठसे उमटतात आणि पाच-दहा मिनिटांत जातात, त्याचं काही नाही. पण इलॅस्टिकची रेघ लाल असेल, बोट फिरवलं की खड्डा लागत असेल, किंवा अर्ध्या तासानेही दिसत असेल, तर तो कपडा त्या दिवसापासून बंद.

असलेले कपडे सुधारून घ्या

कौतुकाने आलेल्या बाळंतविड्यातले निम्मे कपडे अशा बाळाला एकदाही न घालता लहान होतात. त्यातले बरेच वाचवता येतात.

मांडीचं इलॅस्टिक बदलणं सगळ्यात सोपं. नेफ्याची टीप दोन सेंटिमीटर उसवा, जुनं इलॅस्टिक काढा, मांडीच्या घेराएवढं आणि जोडायला वर दोन सेंटिमीटर असं नवं, मऊ इलॅस्टिक घाला आणि टीप मारून बंद करा. उभा घेर कमी पडणाऱ्या बॉडीसूटसाठी जांघेत लावायची टिचबटणांची जादा पट्टी मिळते. घेण्याआधी आपल्या कपड्यावरच्या बटणांमधलं अंतर मोजा, ते जुळलं नाही तर पट्टी बसत नाही.

सदरा किंवा फ्रॉक पोटावर तंग असेल तर दोन्ही बाजूंच्या शिवणी काखेपासून खालपर्यंत उसवा आणि प्रत्येक बाजूला त्रिकोणी कळी बसवा: वर टोक, खाली ५ सेंटिमीटर रुंद; शिवणीची माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, वेगळी. खालच्या घेरात १० सेंटिमीटर वाढतात, पोटाशी त्याच्या निम्मे, आणि खांदा-गळा आहे तसा राहतो. कळीचं कापड आधी धुऊन घ्या, नाहीतर ते आटून शिवण गोळा होते. काखेत दाटत असेल तर तिथे छोटी चौकोनी कळी. गल्लीतल्या शिंप्याला हे नीट समजतं, कुर्त्याला तो कळ्या घालतच असतो.

नवीन शिवून घेणार असाल तर सांगून ठेवा: शिवणीत दोन्ही बाजूंना दीड-दोन सेंटिमीटर माया सोडा. पोट वाढलं की टीप उसवून तोच कपडा आणखी चालतो. शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवल्या तर वळ्यांना टोचत नाहीत.

वळ्या, करदोटा, मनगट्या

कपडा कितीही चांगला असला तरी मान, काख, जांघ आणि मांडीच्या वळ्यांत ओल राहिली तर कातडी लाल होते. आंघोळीनंतर प्रत्येक वळी बोटांनी उघडून मऊ सुती कापडाने टिपून कोरडी करा, चोळू नका. पावडर घालू नका. ती वळीत लगदा होऊन बसते आणि श्वासातून आत जाणं बाळाला घातक असतं. दुधाचे ओघळ मानेच्या वळीत जातात, म्हणून लाळेरं ओलं झालं की लगेच बदला. वळीतून पाणी सुटत असेल, वास येत असेल किंवा लाली दोन दिवसांत उतरली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

करदोटा, काळ्या मण्यांच्या मनगट्या, वाळे, बिंदल्या घरोघरी प्रेमाने घातल्या जातात. गुटगुटीत बाळाच्या अंगावर त्या वळीत दिसेनाशा होतात आणि वाढत्या अंगात कधी काचायला लागल्या ते कळत नाही. दर आठवड्याला प्रत्येकीखालून बोट फिरवा. फिरलं नाही तर त्याच दिवशी सैल करा किंवा काढा. मोजे आणि हातमोजे घालण्याआधी उलटे करून आतले सुटलेले धागे कापा. असा धागा किंवा लांब केस बाळाच्या बोटाभोवती आवळला जाऊ शकतो. बाळ कारण नसताना कळवळून रडत असेल तर मोजे काढून एकेक बोट बघा.

बारसं, उष्टावण, बोरन्हाण

समारंभाचे तयार सेट बहुतेक अरुंद आणि आतून टोचणारे असतात. मुलीसाठी परकर-पोलकं घेतलंत तर परकराची नाडी पोटावर आवळू नका. परकराला वरून पट्ट्यांची सुती बॉडी जोडून घ्या, म्हणजे सगळा भार खांद्यांवर येतो आणि पोट मोकळं राहतं. बोरन्हाणाचं काळं झबलं घरीच शिवून घेणं उत्तम. सुती काळं कापड आधी दोनदा मिठाच्या पाण्यात धुवा, रंग जातोय का बघा. हलव्याचे दागिने झबल्यावरून, फोटोपुरते आणि मोठ्या माणसाच्या डोळ्यांदेखत, कारण सुटलेला दाणा बाळ लगेच तोंडात घालतं. समारंभाचा कपडा तासभर, त्यानंतर रोजचं मऊ झबलं.

पुन्हा मोजण्याच्या वेळा

पहिल्या सहा महिन्यांत दर महिन्याला, पुढे वर्षापर्यंत दोन महिन्यांनी मापं घ्या. लसीकरणाच्या दिवशी वजन-लांबी मोजली जाते, त्याच दिवशी घरी टेप लावला की लक्षात राहतं. रांगायला लागल्यावर गुडघ्यांवरचं कापड लवकर झिजतं आणि लांब झबली गुडघ्याखाली अडकतात, तेव्हा आखूड सदरे आणि जाड गुडघ्यांचे पायजमे काढा. चालायला लागल्यावर बरीच बाळं लांबीने वाढतात आणि पोट-मांड्या थोड्या उतरतात. त्या वेळी घातलेल्या कळ्या उसवण्याची घाई करू नका. तोच फ्रॉक वर्षभर सदऱ्यासारखा वापरता येतो. नातेवाइकांनी काय आणू असं विचारलं तर वयाऐवजी पोटाचा घेर, लांबी आणि ‘पुढून बांधायचं, सुती’ एवढा निरोप पाठवा.